घरातली सोयरीक

सोनार कान टोचतो तेव्हा पोर रडतंच. न रडलं तर बायकांनाच काळजी लागते. आमच्या सौंदर्यानं तर कोल्हापुरातली अख्खी गुजरी, सोनारांची पेठ, डोक्यावर घेतली. पाच महिन्यांची पोर, पण आवाज केवढा! माझी थोरली बहीण अक्का एकदम खूश. पेढे वाटून आम्ही हातकणंगल्याला परतलो. दुपारी माझ्या बायकोनं, वर्षाराणीनं, पोरीचं झबलं बदलायला घेतलं आणि ती किंचाळली. झबल्याची एक बाजू रक्तानं भिजली होती. कान अजून गळतच होता.

हळद दाबली, विभूती लावली, फडकं बांधलं. रक्त काही थांबेना. टोचलेल्या कानातून एवढं रक्त येतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. मी कामाला आहे त्या शिरोलीतल्या ओतकामाच्या फौंड्रीत त्यावरून मला एक नाव पडलंय, ते इथं सांगण्यासारखं नाही. पोरीला कोल्हापुरात दवाखान्यात पोचवलं आणि तसाच जाऊन पोतदार सोनाराची कॉलर धरली.

"शीर तोडलीस की रं पोरीची!"

"पावणं, आजवर किती पोरांचं कान टोचलं ह्या हातानं," तो म्हणाला. "असं कधी झालं न्हाय वो."

शेजारचे दुकानदार मध्ये पडले म्हणून वाचला.

दवाखान्यात एक इंजेक्शन दिल्यावर सकाळपर्यंत रक्त थांबलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर मात्र पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघतच राहिले.

"हिचे डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

"आमच्या घराण्याचा रंगच तसा हाय," अक्का म्हणाली. "अन् अंग खाजवती ती उष्णता. वाळ्याचं पाणी पाजतीया की मी."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पुण्याला पाठवलं आणि पुढच्या आठवड्यात आम्हा तिघांना समोर बसवलं.

"तुम्ही दोघं नवरा-बायको नात्यातले का?"

यात विचारण्यासारखं काय? "व्हय की," मी छाती पुढं काढून सांगितलं. "ही माझ्या सख्ख्या अक्काची पोरगी. मी हिचा मामा."

आमच्याकडं, कर्नाटक सीमेच्या अंगाला, यात कुणाला वावगं वाटत नाही. अक्काला लेक नजरेआड होऊ द्यायची नव्हती, आमच्या आईला बाहेरची सून नको होती. भांडण झालंच तर तेही घरातल्या घरात मिटणार. लग्नात सगळे म्हणाले होते, पोरीनं नशीब काढलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पोरीच्या लिव्हरमधलं पित्त आतड्यात नीट उतरतच नाही, ते म्हणाले. आतच तुंबतं, रक्तात मिसळतं, म्हणून खाज. पित्त नसल्यामुळं दुधातली काही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, म्हणून रक्त गोठलं नाही. सोनाराचा काही दोष नाही. आजाराचं नाव पीएफआयसी.

"हा जन्माचाच आजार आहे. एकच खोट आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आली तरच मूल आजारी पडतं. तुमच्या दोघांत ती एकाच घरातून आली असणार."

"औषध?" मी विचारलं.

"खाज कमी करायला देतो. पण लिव्हर हळूहळू निकामी होत जाईल. पुढंमागं दुसरं बसवावं लागेल. तोवर ती टिकली पाहिजे."

मला सगळं ऐकू येत होतं आणि काहीच कळत नव्हतं. सोनारावर राग काढता येत होता तेव्हा बरं होतं. आता कुणाची कॉलर धरायची?

"संगू," अक्का म्हणाली. "आपल्या दोन भणी अशाच पिवळ्या पडून गेल्या रं. तू जलमला न्हवतास तवा. आई म्हणायची, दृष्ट लागली."

मला दोन बहिणी आणखी होत्या, हेच मी पहिल्यांदा ऐकत होतो. 

वर्षाराणीच्या मांडीवर सौंदर्या आईच्या दंडावर गाल घासत होती. खाजवू नये म्हणून तिच्या हातांना मोजे घातले होते.

"आणि दुसरं झालं तर?" वर्षाराणीनं विचारलं.

"त्यालाही होऊ शकतं. चारात एक, दर खेपेला."

ती माझ्याकडं वळली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. लग्न ठरल्या दिवसापासून तिनं मला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. "अहो" म्हणायलाही लाजायची. नुसतं "ऐकलं का" म्हणायची.

"मामा," ती म्हणाली, "आता मी काय करू?"

अक्कानं तोंडात पदर कोंबला. मी वर्षाराणीचा मामा होतो, नवरा होतो, तिच्या पोरीचा बाप होतो.