गोठलेली शाई

मोसेलेने फडक्याची नवी घडी केली आणि सांध्यावरचा लाल रंग पुसायला घेतला. एकाच दिशेने, हलक्या हाताने. घडी लाल झाली की उलटायची, कोरी बाजू वर घ्यायची, पुन्हा पुसायचं. विमानाचा पंख तिच्या डोक्यावर होता. त्या पंखाला खालून तोलून धरणारा तिरका दांडा विमानाच्या पोटाशी जिथे येऊन मिळतो, तिथे ती सिमेंटवर गुडघे टेकून बसली होती. हँगरच्या पत्र्यांना आतून दव गोठून पांढरी साय धरली होती.

"झालं का, म्मे?" सेखोबेने तिसऱ्यांदा विचारलं. मासेरू शहरात वडीलधाऱ्या बाईला सगळेच म्मे, म्हणजे आई, म्हणतात, आणि वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते, म्हणजे बाबा; पण त्या सकाळी त्याच्या तोंडून तो शब्द लहान मुलाने हाक मारावी तसा येत होता.

"होतंय. तू माझ्या उजेडातून बाजूला हो आधी."

तो बाजूला झाला आणि दोन पावलांवर जाऊन पुन्हा उभा राहिला. डॉक्टरांचं विमान चालवायला लागून त्याला पाच वर्षं झाली होती. डोंगरातल्या दवाखान्यांतून त्याने किती अडलेल्या बायका खाली आणल्या, त्याची मोजदाद त्याने ठेवली नव्हती. आज पहाटे मात्र रेडिओवर हा-त्सेनोलो या डोंगरातल्या गावच्या नर्सने ज्या बाईचं नाव सांगितलं, ती त्याची बायको होती. लिसेबो पहिल्या बाळंतपणासाठी तिथे माहेरी गेली होती. पहिलं मूल माहेरीच व्हायचं, हे तिकडेही तसंच. काल रात्रीपासून कळा येत होत्या आणि बाळ पुढे सरकत नव्हतं. घाटात बर्फ पडून रस्ता बंद झालेला. घोड्यावरून आणायचं तर दोन दिवस.

आणि नेमका आदल्या दिवशी दुपारी तो हुकूम आला होता. याच जातीच्या एका जुन्या विमानाचा दांडा परदेशात कुठेतरी हवेत सुटला होता. सांध्यात केसाएवढी चीर होती, ती कोणाला दिसली नव्हती. तेव्हा अशी सगळी विमानं, जिथे असतील तिथे, तपासल्याशिवाय जमिनीवरून उचलायची नाहीत. या विमानाचा उजवा दांडा मागच्याच महिन्यात नवा बसवला होता, जुना राहिला होता तो डावा. दुसरं विमान इंजिन उतरवून कोपऱ्यात उभं होतं. तपासून सही करण्याचा अधिकार अख्ख्या तळावर एकट्या मोसेलेला होता.

तिने पांढऱ्या पुडीचा फवारा मारला. सांधा खडूने रंगवल्यासारखा झाला. धातूत चीर असेल तर तिच्यात शिरून बसलेला लाल रंग हळूहळू त्या पांढऱ्यातून वर येतो. रेघ दिसायला लागते. तिघं वाकून बघत राहिले. ती, सेखोबे आणि म्हातारा मदतनीस मोखाली.

दहा मिनिटं गेली. पांढरं पांढरंच राहिलं.

"काही नाही," मोसेले म्हणाली.

"देवा!" सेखोबे ओरडला आणि धावतच सुटला. स्ट्रेचर, रक्ताच्या बाटल्यांची पेटी, नर्ससाठी औषधं. मोखाली हँगरचं दार ढकलायला गेला. रेडिओच्या खोलीतून तो सांभाळणाऱ्या बाईचा, थाकानेचा, आवाज आला, "हा-त्सेनोलो, हा-त्सेनोलो, निघतंय बरं का विमान! तिला म्हणावं, नवरा येतोय तुझा, अंघोळ न करता!"

मोसेले टेबलापाशी गेली. नोंदवही उघडली. तारीख, विमानाचा क्रमांक, हुकुमाचा क्रमांक लिहायला पेन टेकवलं तर कागदावर नुसता ओरखडा उठला. तिने पेन झटकलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा ओरखडाच. शाई गोठली होती. तिने पेन दोन्ही तळव्यांत धरून घासलं, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली, जशी तिची आई थंडीत जन्मलेल्या कोकरांच्या नाकावर सोडायची. मग शाई आली. आधी एक ठिपका, मग निळी ओळ.

त्या निळ्या ओळीकडे बघत ती थांबली.

नंतर ती उठून विमानाजवळ गेली, हातमोजा काढला आणि दांड्यावर उघडा हात ठेवला. धातू इतका गार होता की कातडी चिकटली. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये पारा शून्याखाली दोनवर होता.

"दार लावून घ्या, न्ताते मोखाली," ती म्हणाली.

"आत्ता तर उघडलं!"

"लावा. परत करावं लागेल."

सेखोबे हातात पेटी घेऊन उभाच राहिला. "काय परत करावं लागेल?"

"तपासणी. माझी चूक झाली. धातू एवढा गार असला की रंग घट्ट होतो, आत शिरतच नाही. बाटलीवर लिहिलंय. मला माहीत आहे. वीस वर्षं माहीत आहे." तिचा आवाज खाली आला. "घाईत विसरले. आपण आत्ता जे बघितलं ना, ते काहीच बघितलं नाही."

"पण चीर नव्हती!"

"दिसली नाही."

"किती वेळ?"

"आधी हे सगळं धुवायचं. मग सांधा गरम करायचा. मग रंग, मग पूड. तीन तास."

त्याने पेटी खाली ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ टाकलीच. आतल्या बाटल्या खणखणल्या. "तीन तासांत ती मरेल, म्मे."

मोसेलेने लाल झालेली फडकी गोळा करायला घेतली.

"तू कधी बाळंत झाली आहेस का? की आयुष्यभर हे पत्रेच खरवडत बसलीस?"

"अरे, तोंड सांभाळ," मोखाली म्हणाला. "कोणाशी बोलतोयस!"

"बोलू द्या त्याला," मोसेले म्हणाली. "दोनदा झाले. एकदा वाटेतच, घोड्यावरून उतरून. पाऊस पडत होता." तिने हातमोजा पुन्हा चढवला. "सेखोबे, जाताना तू एकटा असशील. मेलास तर मी रडेन, दोन दिवस जेवणार नाही, संपलं. येताना मात्र तिघं असाल."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीवरून कोणालाच काही कळलं नाही.

मग तो वळला. "पाणी कुठे तापवायचं?" त्याने विचारलं.

विमानात पेट्रोल होतं, तेव्हा हँगरमध्ये शेगडी आणायची सोय नव्हती. थाकानेच्या खोलीतल्या स्टोव्हवर किटली चढली. दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यांत उकळतं पाणी भरून, झाकणं घट्ट बसवून ते डबे सांध्याच्या चारी बाजूंनी दोरीने बांधले. मोसेलेने छातीवरची पिन काढली आणि तिकडच्या रीतीने अंगावर शालीसारखं पांघरलेलं लोकरीचं ब्लँकेट त्या डब्यांवरून गुंडाळलं. मोखालीने आपलं दिलं. थाकाने बाहेर आली, तिने आपलं काढलं. तिचं लग्नातलं होतं, मक्याच्या कणसांची नक्षी असलेलं. शेवटी सेखोबेने दिलं. विमान एका कुशीवर पांघरुणं घेऊन उभं राहिलं, आणि चार माणसं नुसत्या स्वेटरवर कुडकुडत त्याच्याभोवती.

"पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने मला एवढं गुरफटून ठेवलं नाही," मोखाली म्हणाला.

"तुम्ही उडत नाही ना, न्ताते," थाकाने म्हणाली.

सेखोबेसुद्धा हसला, आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळला.

डबे निवले की तो स्वतः धावत जाऊन नवे आणत होता. त्याच्या बोटांना चटके बसले. दर अर्ध्या तासाने रेडिओ खरखरायचा आणि सगळे जिथल्या तिथे थांबायचे. नर्सचं उत्तर एकच असायचं. अजून नाही. शुद्धीवर आहे. अजून नाही. एकदा थाकानेने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "ती विचारतेय, विमान कुठवर आलं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, कपडे घालतंय."

मोसेलेने ब्लँकेटखाली हात घालून सांध्याला टेकवून ठेवलेला थर्मामीटर बघितला. अठरा. मग तिने पुन्हा तो लाल रंग लावला. या वेळी तो वेगळाच वागला. सकाळी काकवीसारखा जागच्या जागी बसला होता. आता पाण्यासारखा पसरला, कडेकडेने, बोल्टच्या मुळाशी, जिथे ब्रश पोचत नव्हता तिथेही आपणहून गेला. मोखालीने नवलाने जिभेने 'च्च' केलं. सेखोबे गुडघे टेकून खाली बसला. सकाळपासून पहिल्यांदाच तो बसला होता.

अर्धा तास थांबायचं होतं. थांबले. पुन्हा फडकं, नवी घडी, एकाच दिशेने, हलक्या हाताने. मग पांढरी पूड.

तो हँगर आता राहिला नाही. तिथे दुकानं झाली, आणि त्या चौघांतलं कोण कुठे गेलं ते सांगायला बसलं तर संध्याकाळ होईल. पण ती पंधरा मिनिटं मोसेलेच्या मनातून पुढे कधी गेली नाहीत. वरच्या खिडकीतून आलेलं ऊन बरोबर सांध्यावर पडलं होतं. पांढऱ्या पुडीचा कणन्‌कण दिसत होता. गरम धातूतून अगदी बारीक वाफ निघत होती, जनावराच्या अंगातून निघावी तशी. मोखालीने केव्हा डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, त्याचं त्यालाच कळलं नाही. चार माणसं एका मुठीएवढ्या पांढऱ्या जागेकडे बघत होती. तिथे काही उमटेल या भीतीने बघत होती, आणि मग हळूहळू भीती मागे पडली. हाच एक मूठभर सांधा. पाच वर्षं डोंगरांवरून, वाऱ्यातून, गारांतून जी जी माणसं खाली आली, आंधळी, भाजलेली, अडलेली, ती सगळी याच्यावर लोंबकळत आली होती. आणि कोणी कधी याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

बोल्टच्या कडेला गुलाबी डाग आला. सेखोबे पुढे सरकला. मोसेले भिंग घेऊन वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग फडक्याच्या टोकाने तो डाग टिपला, तिथे पूड पुन्हा मारली आणि बोटं मोजत पुन्हा पाच मिनिटं थांबली.

डाग परत आला नाही. खाचेत राहिलेला रंग होता, चिरेतला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली.

सकाळचेच शब्द होते. पण या वेळी कोणी ओरडलं नाही. सेखोबे उठायच्याऐवजी तसाच बसून राहिला, त्या कोऱ्या पांढऱ्याकडे बघत, आणि मोसेलेलाच त्याच्या खांद्याला धरून हलवावं लागलं.

"जा आता. बघतोस काय?"

पेन तिने काखेत धरून ठेवलं होतं. सही पहिल्या फटक्यात उमटली.

विमान उडालं तेव्हा अकरा वाजले होते. मोसेलेने ब्लँकेट पांघरून घेतलं आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या विमानाच्या सांध्यावरचा जुना रंग खरवडायला बसली. बाराच्या सुमारास रेडिओ बंद पडला. नर्सकडची बॅटरी उतरली असेल, थाकाने म्हणाली. एक वाजला. मोसेले खरवडत होती. ज्या जागेवरचा रंग केव्हाच निघाला होता, तिथेच खरवडत होती. मोखालीने 'पाप', म्हणजे मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ, आणि पालेभाजी पुढे आणून ठेवली, ती तशीच निवली.

दोन वाजून गेल्यावर आवाज आला. विमान डगमगत उतरलं. डोंगराकडून वारा सुटला होता आणि धावपट्टीवरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा आडवा ताठ उभा होता. अँब्युलन्स पुढे गेली. आधी नर्स उतरली, तिच्या हातात सलाईनची बाटली उंच धरलेली. मग स्ट्रेचर. मोसेले धावली नाही. हँगरच्या दारात उभी राहिली. इतक्या लांबून तिला लिसेबोचा चेहरा दिसेना, फक्त एक हात दिसला, आणि तो हात ती हलवत होती की वाऱ्याने हलत होता ते कळेना.

मग सेखोबे उतरला. त्याचं चालणं विचित्र होतं, लाकडी बाहुल्यासारखं. जवळ आला तेव्हा तिने पाहिलं. त्याचं जॅकेट, विजार, केस, सगळं ओलं होतं, आणि बाह्यांवर पाणी गोठून बर्फ झालं होतं. चालताना त्याचे तुकडे पडत होते. दात वाजत होते.

तिकडे पहिलं मूल झालं की बापाला तोंडाने सांगत नाहीत. मुलगा झाला तर बायका काठी घेऊन पाठीत घालतात. मुलगी झाली तर मागून येऊन पाण्याची घागर डोक्यावर उपडी करतात.

"भर थंडीत?" मोसेले म्हणाली. "अख्खी घागर?"

"दोन घागरी. झऱ्याचं पाणी, वरचा बर्फ फोडून आणलेलं. सासू म्हणाली, एवढा उशीर केलास, तर एका घागरीने भागायचं नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला, जबडा आखडला होता. "मी पोचायच्या आधीच झाली होती मुलगी. नर्सच्या शेजारच्या टोपलीत होती. लिसेबोचं रक्त थांबत नव्हतं. नर्स म्हणाली, आता आलास ते ठीक झालं. आणखी एक तास गेला असता तर..." त्याने हात हलवला.

मोसेलेने मान खाली घातली. तीन तास, तिने मनात म्हटलं. सकाळी रंग लावण्याआधी पाच मिनिटं काढून बाटली वाचली असती, तर एक तरी तास वाचला असता. ते ओझं तिचं होतं. ते ती कोणाला देणार नव्हती.

"जा, अँब्युलन्स थांबलीय," ती म्हणाली. "ओले कपडे काढ आधी. गोठून मरशील, आणि दोष माझ्या विमानाला येईल."

तो दोन पावलं गेला आणि थांबला.

"म्मे, खिंडीत वारा फार होता. येताना. पंख असा वरखाली होत होता, मी इतका कधी पाहिला नाही. लिसेबो मागे कण्हत होती, पोरगी रडत होती." तो विमानाकडे बघत होता. "एकदा मी मान वळवून त्या दांड्याकडे पाहिलं. सकाळचं ते कोरं पांढरं आठवलं."

"मग?"

"मग परत पाहिलं नाही," सेखोबे म्हणाला, आणि अँब्युलन्सकडे धावला.