नऊ दिवस न उघडलेली बरणी

शोगोने मला नऊ दिवस उघडले नाही. ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, नऊ दिवस! आणि दहाव्या दिवशी झाकण काढून पठ्ठ्याने केले काय, तर राहिलेले सगळे ढवळणे एकदम उरकून टाकले. मोजून नऊ वेळा. वर पेलाभर तांदळाची दारू माझ्या पोटात ओतली, जणू देवीला नैवेद्य! मित्रांनो, पंचेचाळीस वर्षांचा घोडा झाला, पण अक्कल ही एवढी.

चिडण्याच्या भरात ओळख सांगायची राहिली. मी एक जुनी बरणी आहे. तपकिरी, बुटकी, पोट सुटलेली. कुंभाराने बुडाशी कसलेसे अक्षर कोरले आहे. ते मला वाचता येत नाही, आणि त्यावाचून माझे काही अडलेही नाही. माझ्या पोटात तांदळाचा कोंडा मीठपाण्यात कालवलेला आहे, ओल्या वाळूसारखा. त्यात मुळा, काकडी, वांगे पुरून ठेवले की दुसऱ्या दिवशी ते आंबटखारे होऊन निघते. आमच्या बंदरात भाताबरोबर तेच लागते. तुमच्या दुधाला जसे विरजण, तसा माझा कोंडा जिवंत असतो. पण माझा हट्ट मोठा. रोज सकाळी उघड्या हाताने मला तळापासून वर ढवळावे लागते. चमचा चालत नाही. ज्याचा हात, त्याची चव. एक दिवस चुकला तर मी रुसते. जास्त चुकले तर कुजते.

किनुयो या घरात सून होऊन आली तेव्हा सासूने तिचा हात धरून माझ्यात घातला आणि म्हणाली, “नवऱ्याला विसरलीस तरी चालेल, हिला नाही.” किनुयोने साठ वर्षे एक सकाळ चुकवली नाही. शोगोच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हाही आधी मला ढवळले आणि मग सुईणीला बोलावणे धाडले. शेजारची चियो माझ्या मुळ्यासाठी वाटी घेऊन दारात उभी राहायची. फार मान होता मला.

पण त्याच घरात शोगो पिऊ लागला. पहाटे धक्क्यावर मासळीच्या पेट्या उतरवायच्या आणि दहा वाजता दारूच्या दुकानात शिरायचे, असा त्याचा नेम. त्याची बायको मुलीला घेऊन गेली, तेव्हा त्या पोरीने माझ्यातली एक काकडी रुमालात बांधून नेली होती. पुन्हा कोणी आले नाही.

मग या जूनमध्ये किनुयोचा उजवा हात लुळा पडला. तिने शोगोला माझ्यासमोर बसवले.

“हात घाल.”

“मी? आई, हे बायकांचं काम.”

“बायको टिकवली असतीस तर तिनेच केलं असतं. घाल!”

त्याचा हात थरथरत होता. किनुयो म्हणाली, “वीस वर्षं दारू सोड म्हणून घसा फोडला, आता नाही फोडत. एकच नियम. प्यायलेला हात माझ्या बरणीत जायचा नाही. कोंडा नासतो.”

खरे सांगू, मित्रांनो? तसे काही नसते. उरलेली बिअर तर आमच्याकडे मुद्दाम कोंड्यात ओततात. पण किनुयोचा शब्द खाली पाडायची छाती कोणाची?

शोगो रोज येऊ लागला. आधी नुसते ओरबाडायचा. हाताला मासळीचा वास. पण तो हात माझ्यात असेपर्यंत बाटलीवर नसायचा, आणि दुसऱ्या सकाळी मला तोंड दाखवायचे म्हणून आदल्या दिवशी दुकान टळायचे. बावन्न दिवस असे गेले. थरथर थांबली. चियोने मुळा चावून पाहिला.

“किनुयोबाई, हा तुमच्या हातचा नाही.”

“नाही.”

“जरा उद्धट लागतो.”

“मुलगा कोणाचा आहे!”

आत शोगो हसला. त्या घरात हसणे ऐकून मला किती वर्षे झाली होती!

ते सुख तेवढेच. किनुयो ओसरीच्या पायरीवरून पडली, कमरेला जबर मार बसला, इस्पितळात नेली. तिच्यामागे पाच दिवस शोगोने मला नीट ढवळले. पाचव्या संध्याकाळी धक्क्यावरचा जुना सोबती काम सोडून गावी निघाला होता. त्याच्या निरोपाला एक पेला झाला. एकाचे किती झाले, ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या सकाळी तो माझ्यासमोर बसला, झाकणावर हात ठेवला, स्वतःचा तळवा हुंगला आणि झाकण न उघडताच उठला. आईचा नियम पाळला हो बिचाऱ्याने! माझ्यात हात घालता येत नाही म्हणून लाज, लाज वाटते म्हणून दारू, आणि दारू प्यायली म्हणून पुन्हा मला शिवायचे नाही. नऊ दिवस हेच चालले. माझ्यावर पांढरी साय धरली, तळाला घामट मोज्यांसारखी घाण सुटली. तो भिंतीपलीकडेच पडलेला असे. हाक मारायला मला तोंड नाही.

दहाव्या दिवशी किनुयो घरी येणार असा निरोप आला, तेव्हा त्याने ते नऊ वेळांचे ढवळणे केले.

तिला दारातच वास आला. माझ्याशेजारी बसून तिने डाव्या हाताने वरचा थर काढला, मग तळ काढला. बादली भरली. तिची साठ वर्षे आणि सासूची त्याआधीची, सगळी त्या बादलीत गेली. शेवटी मधला मूठभर कोंडा हाती लागला. तिने हुंगला. तेवढा जिवंत होता.

“नऊ वेळा ढवळलं मी, आई. एकेका दिवसाचं एकेक.”

“नऊ दिवसांचा श्वास एकदम घेता येतो का रे?”

“तूच म्हणाली होतीस ना, प्यायलेला हात नको...”

किनुयोने ती मूठ माझ्या तळाशी ठेवली. वर नवा कोंडा, मीठ, पाणी. आता मला जुनी म्हणावे की नाही, मलाच कळत नाही. ती चव परत येईतो किनुयो काही राहायची नाही.

मित्रांनो, सवय मोडली म्हणून झाकण लावून बसू नका. झाकणाखाली काही सुधारत नाही, नासते तेवढे. आणि कोणाला वाट दाखवाल तर ‘आधी चांगला हो, मग ये’ असे सांगू नका.

हे मी आता म्हणते. किनुयोने ते तिच्या पद्धतीने, मान खाली न घालता, त्याच्या तोंडावर सांगितले.

“शोगो, माझी बरणी तू नासवलीस. ते मी मरेपर्यंत बोलून दाखवीन. पण तो नियम माझा होता, आणि तो मूर्ख होता. प्यायलास तरी हात घालायचा. लाज वाटली तरी घालायचा. मी मेले त्या सकाळीही आधी हात घाल, मग रडत बस. आता उभा काय राहिलास? धू तो हात.”