आठे म्हणजे इथे

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या उजव्या कोपऱ्याला तडा आहे, पाठीला निळं रबरी कव्हर आहे आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरावी लागते. बाकी तब्येत ठीक.

डोळे उघडले तेव्हा मी जळगावात, माणकचंदशेठच्या साड्यांच्या दुकानात होतो. त्यांचा नातू रोनक मला मांडीवर घेऊन गादीवर बसायचा. कपाटातली साडी काढण्याआधी तिचा फोटो माझ्या काचेवर यायचा. काय कौतुक होतं माझं! तिथेच मी माणसं ओळखायला शिकलो. जी बाई भाव करते, ती घेते. जी "किती सुंदर, किती सुंदर" म्हणते, ती चहा पिऊन जाते. "तुला आवडेल ती घे" म्हणणाऱ्या नवऱ्याचं लक्ष बाहेर लावलेल्या गाडीकडे असतं. आणि दुकानात शिरताच आवाज बदलून बोलणारा माणूस काहीतरी झाकत असतो. हा माझा आडाखा सहसा चुकला नाही.

मग रोनकने नवा, मोठा टॅब आणला. मी खणात गेलो, सुतळीच्या गुंड्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या शेजारी. खणात पडून राहणाऱ्याचं दुःख खणालाच कळतं.

दुकानाचे गठ्ठे टेम्पोने दोंडाईच्याला नेणारे प्रेमराजभाऊ एक दिवस चाचरत शेठसमोर उभे राहिले. त्यांची मुलगी दिव्यानी सात वर्षांची होती आणि बोलत नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं होतं. नाशिकच्या नेत्रा मॅडम अशा मुलांना ऑनलाइन शिकवायच्या. एसटीचा हॉर्न ऐकला की दिव्यानी कान झाकून जमिनीवर बसायची, त्यामुळे घरबसल्या शिकणं हाच मार्ग होता. पण घरातला एकुलता मोबाइल भाऊंबरोबर टेम्पोत फिरायचा.

"शेठ, एखादा जुना मोबाइल पडलेला असला तर..."

"मोबाइल कशाला? खणातला टॅब घेऊन जा," शेठ म्हणाले. "गिऱ्हाइकं बघून बघून लबाड झालाय तो. तुझ्या घरी जरा पुण्य कमावेल."

तर मित्रांनो, मी असा पुण्य कमवायला निघालो.

दोंडाईच्याच्या घरात पिठाच्या डब्याला टेकवून मला उभं करायचे. मॅडमनी माझ्यात चित्रांचे चौकोन टाकून दिले. चौकोनावर बोट ठेवलं की मी बोलायचो. आवाज कोण्या शिकलेल्या बाईचा, अगदी गोड: "मला पाणी हवे आहे."

पहिल्याच दिवशी मॅडमनी दिव्यानीच्या आईला, दिपमालाला विचारलं, "ताई, तुम्हाला सगळ्यात आधी काय व्हायला हवंय?"

दिपमालाने पदर सारखा केला. "मॅडम, शाळेचं नंतर बघू. कधी कधी ती खूप रडते, मनगट चावून घेते. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, की आमचा राग आलाय, काही कळत नाही. कुठे दुखतंय, एवढं तिनं मला सांगितलं तरी पुष्कळ झालं."

तास सुरू झाले आणि मला एक गंमत दिसली. मॅडम काचेवर यायच्या आधी घरात अहिराणीचा गलका असायचा. "काय करी ऱ्हायनी वं?" "चहा जोयजे का?" मॅडम आल्या की सगळं चिडीचूप. दिपमाला इस्त्रीची साडी नेसून पुस्तकातलं बोलू लागायची: "दिव्यानी, बाळा, तुला काय हवे आहे?" प्रेमराजभाऊंची सक्त ताकीदच होती, "मॅडमपुढे चांगलं बोला, आपलं बठ्ठं बंद." म्हणजे अहिराणी सगळी बंद. सासूबाई भागाबाई तर डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी पुतळ्यासारख्या बसायच्या. एकदा त्यांनी प्रेमाने माझी काच पदराने पुसली, आवाजाच्या बटणावर बोट पडलं आणि मॅडमचा आवाजच बंद झाला. मॅडम नुसतेच ओठ हलवताहेत! "बाई रुसनी का काय?" भागाबाई कुजबुजल्या. त्या दिवशीची त्यांची एवढीच अहिराणी.

आणि दिव्यानी? घरात परकं कुणी आल्यासारखी ती आईकडे बघायची आणि खाटेखाली जाऊन बसायची. आवाज बदललेली माणसं मी ओळखत होतो. पण मला कोण विचारणार?

आठवडे गेले. दिव्यानी माझ्या चौकोनांना शिवेना. रडणं मात्र वाढलं. प्रेमराजभाऊंचा धीर सुटत चालला. "हाऊ महिना बघू," एकदा जेवताना ते म्हणाले, "नही ते बंद करी टाकू." दिपमाला ताटातली भाकरी मोडत राहिली.

त्यानंतरच्याच तासाला दिव्यानी खाटेखाली शिरून रडू लागली. दिपमाला वाकून विचारत होती, "बाळा, तुला काय होते आहे? तुला काय हवे आहे?" रडणं थांबेना. शेवटी तिचा बांध फुटला. इस्त्रीच्या साडीनिशी ती जमिनीवर आडवी झाली आणि खाटेखाली तोंड घालून म्हणाली, "काय व्हयनं वं माय? कोठे दुखस तुले? सांग ना वं!"

रडणं क्षणभर थांबलं. दिव्यानी सरपटत बाहेर आली आणि तिने आईच्या ओठांवर हात ठेवला. जणू हरवलेली आई सापडली होती.

दिपमाला दचकून उठली. "सॉरी मॅडम! चुकून गावठी तोंडात आलं."

मॅडम पुढे झुकल्या. "ताई, तुम्ही एरवी घरात असंच बोलता?"

"हो... पण तुमच्यासमोर नाही. तुमच्यासमोर चांगलं बोलतो."

इथे भागाबाईंचा संयम संपला. "बाई, तुम्हनामुळे मी तोंडले कुलूप लाईसन बठेल शे!"

मॅडम आधी खळखळून हसल्या, मग गंभीर झाल्या. "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं. दिव्यानी जे रोज ऐकते, तेच या टॅबने बोलायला हवं. तो गोड आवाज काढून टाकू. तुमचे आवाज भरू."

मग काय विचारता! दिपमाला माझ्यापुढे लाजत लाजत एकेक शब्द बोलली: आठे. तठे. बठ, म्हणजे बस. दुखस. "दुखस" म्हणताना नेमकी कुकरची शिट्टी झाली, तीही आत भरली गेली. मॅडम म्हणाल्या, "राहू दे, घर वाटतं." भागाबाईंनी "नको" भरला, असा ठणठणीत की शेजारची मांजर पळाली. आणि "चहा जोयजे", म्हणजे चहा हवाय, हाही त्यांचाच.

मॅडमनी घरच्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "तिची परीक्षा घेऊ नका. तुम्ही बोलताना तुम्हीच चौकोनांवर बोट ठेवा. मग थांबा."

दिव्यानी कित्येक दिवस नुसती ऐकत राहिली. मग एके दुपारी तिचं बोट आलं. "चहा जोयजे." भागाबाई धावल्या. कपात चहा नावालाच, दूधच जास्त होतं. पुन्हा बोट, "चहा जोयजे." पुन्हा धाव. प्रेमराजभाऊ हसून म्हणाले, "माय, आते तू हाटेलच टाक!" बंद करण्याची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही.

पण खरी गोष्ट अजून व्हायची होती.

एका सकाळी दिव्यानी रडतच उठली. दिपमाला शेकायची पिशवी घेऊन नेहमीप्रमाणे तिच्या पोटाकडे वळली. दिव्यानीने ती ढकलली आणि मला ओढून मांडीवर घेतलं. तिचं बोट चौकोनांवरून फिरलं, अडखळलं, परत फिरलं.

"आठे."

आठे म्हणजे इथे. दिपमाला पिशवी हातात घेऊन जागच्या जागी थांबली.

"दुखस." पाठोपाठ कुकरची शिट्टी.

मग तिने आईचं बोट धरलं आणि स्वतःच्या उजव्या कानामागे नेऊन ठेवलं.

"कान? कान दुखस तुन्हा?" दिपमालाने पिशवी बाजूला टाकली. "आनि मी पोट शेकू वं माय, पोट!" ती रडत होती आणि हसतही होती. गादीवर बसून मी लाखाचे शालू नेसून पाहणाऱ्या बायका बघितल्या, मित्रांनो. इतका आनंद एकीच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही.

गावातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारायला हात पुढे केला, तर माझ्यातून भागाबाई गरजल्या, "नको!" डॉक्टर थबकले. त्यांनी बॅटरी आधी स्वतःच्या तळहातावर धरून दाखवली, मग तिच्या. मग तिने कान पुढे केला. आतून सुजलेला होता. औषध मिळालं आणि कान बरा झाला.

परवा प्रेमराजभाऊंचे मित्र पितांबर आपल्या मुलाला घेऊन आले. पोरगं कुरकुरत होतं. पितांबरांनी सहज माझ्याकडे हात केला, "द्या ना जरा, कार्टून लावतो."

भागाबाईंनी मला पदराखाली घेतलं. "ते खेळणं नही शे, पितांबर. ती आमनी दिवूनी जीभ शे. तुन्ही जीभ कोनी मांगी का कधी?"

मित्रांनो, माझी बॅटरी आता लवकर उतरते. मॅडमनी सगळे आवाज दुसरीकडेही जपून ठेवले आहेत, शिट्टीसकट, म्हणून मला काळजी नाही. तुमच्या शेजारी, तुमच्या वर्गात माझ्यासारखा एखादा असेल, तर त्याला चार्ज करून ठेवा. मूल हट्ट करतंय म्हणून शिक्षेला तो काढून घेऊ नका. आणि एका चौकोनावरून दुसऱ्यावर जायला बोटाला वेळ लागतो. मधेच वाक्य पुरं करायची घाई करू नका.

हे बघा, आत्ताच दिव्यानी आली. दिपमाला भाकरी थापते आहे. दिव्यानीने बोट ठेवलं, "आठे."

दिपमालाचा हात थांबला. पुन्हा दुखतंय की काय? पण ती काही विचारत नाही, पिठाचे हात तसेच धरून वाट पाहते आहे. मीही पाहतो आहे.

बोट फिरलं. पुढचा चौकोन दाबला गेला.

"बठ."

आणि दिपमाला तव्याखालचा गॅस बंद करून लेकीशेजारी बसली.