लांब कानांचं मुंगूस

धाकटीने त्या सोमवारी सुईत स्वतःच दोरा ओवला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? खरं तर मोठ्या बहिणीला आनंद व्हायला हवा होता.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. बेतायचं काम माझं, काज-बटणं तिची. तिचा नवरा गेला तेव्हापासून तिचे हात थरथरायचे. म्हणून रोज सकाळी मी सहा सुया ओवून तिच्यापुढच्या उशीत टोचून ठेवायचे. असे सहा महिने गेले. ती बोलायची तर माझ्याशीच, रडायची तर माझ्याच खांद्यावर. मी दमायचे, कुरकुरायचेही, पण ते काम माझं होतं.

मग डॉक्टरांनी तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. या बाईंची तऱ्हाच वेगळी. वस्तीबाहेरच्या रानात त्यांच्या गटातल्या प्रत्येकाने एक जागा धरायची, रोज अर्धा तास तिथे गप्प बसायचं, जे दिसेल ते वहीत लिहायचं आणि शनिवारी सगळ्यांपुढे वाचायचं. धाकटी एकटी घाबरेल म्हणून मीही नाव घातलं. घाबरते कसली! तिने ओढ्याकाठचा खडक धरला, तिसऱ्या दिवशी तिथे मुंगूस आलं, आणि आमची राणीसरकार खुलली.

दुकानात मग दुसरा विषयच नाही. ते थांबलं, त्याने हवेत वास घेतला, त्याने माझ्याकडे पाहिलं. अगं, सहा महिने मी पाहत होते, ते नाही दिसलं? माझ्या वाट्याला आलं होतं एक वाळकं झाड. वहीत रोज एकच शब्द, मुंग्या. त्यात आता ही सुईसुद्धा मागेना.

शनिवारी माझी पाळी आली. मी घसा खाकरून वाचलं, "आज माझ्या झाडाखाली मुंगूस आलं. अगदी जवळ बसलं. त्याच्या लांब कानांवर ऊन पडलं होतं."

बाई म्हणाल्या, "बरं. पुढचं कोण?" धाकटी माझ्याकडे टक लावून बघत होती. मनात म्हटलं, जळतेय. जळू दे.

घरी जाताना ती म्हणाली, "ताई, उद्या मी तुझ्या झाडाखाली बसू?"

"आणि तुझा खडक?"

"तो कुठे पळून जातोय?"

माझी पाचावर धारण बसली. पण नाही कशी म्हणणार? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी झाडाखाली बसलो. मुंगूस येणार कुठून? बोलायचीही सोय नाही, म्हणून मी तिलाच पाहत बसले. कानामागचे केस पांढरे झाले होते. कधी झाले? पायावर चढलेली मुंगी तिने बोटाने अलगद खाली सोडली. हात अजिबात थरथरला नाही. इतके दिवस मी सुया पाहत होते, हिच्याकडे पाहिलंच नव्हतं. हे कळलं, तरी जीव जळायचा थांबला नाही. तो हात एका टीचभर जनावराने बरा केला होता, मी नाही.

अर्धा तास संपला. "मुंगूस आलं नव्हतं," मी म्हणाले. "मी खोटं लिहिलं."

"माहितीये. मुंगसाचे कान एवढेसे असतात, डोक्याला चिकटलेले. तू वाचलास तो ससा होता."

माझं तोंड एवढंसं झालं. "मग आलीस कशाला, तुझं मुंगूस सोडून?"

"तू बोलवत नव्हतीस ना, म्हणून आपणहून आले. रानात पोचलो की पाठ करून बसायचीस, दुकानात तोंड फुगवून. मला वाटलं, माझं करून करून तू कंटाळलीस. शनिवारी ते कान ऐकले आणि कळलं की तू त्या मुंगसावरून रुसली आहेस."

पुढच्या शनिवारी मी खरं तेच वाचायला घेतलं. "धाकटी दिसली. कानामागे पांढरे केस. हात स्थिर." पुढची ओळ काही वाचता येईना. या वेळी थरथरत होता तो माझा हात. धाकटीने वही काढून घेतली.

"मला त्या मुंगसाचा फार राग येतो," तिने सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.