गुरुवारी उपास करणारा साहेब

चऱ्होलीच्या माळावर इंग्रजांच्या काळातलं वेड्यांचं इस्पितळ होतं. वेडे कधीच गेले होते, आता शहाणे रांग लावायचे. तिकीट काढून कोठड्या बघायच्या, गजांना हात लावून "अगं बाई!" म्हणायचं आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायचा. पण खरी झुंबड शेवटच्या खोलीत. तिथे एक लोखंडी खुर्ची, आणि तिचे मालक खुर्चीमहाराज.

"ह्या खुर्चीत गोऱ्या डाक्टरचा आत्मा हाय!" समोरच्या घोंगडीवर उभे राहून महाराज गरजायचे. "बाधा असली की सायेब झटका देतो. निर्मळ माणसाला काय करत न्हाई!"

साहेब मेला विलायतेत, पण पेशंट तपासायला चऱ्होलीला यायचा. त्याला मराठीही येत असावं. गुरुवारी मात्र साहेबाचा उपास. त्या दिवशी खुर्ची शांत, आणि महाराज स्वतः तिच्यात बसून दर्शन द्यायचे.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण मंगळवारी आमच्या घरमालकीण आक्काबाई सुनेला, शालनला, तिथे घेऊन गेल्या. शालनला फिट्स यायच्या. डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभरात एकही आली नव्हती. खुर्चीत बसवल्यावर पोरगी ताडकन उडाली.

"गोळ्यांनी बाधा आत दबून बसलीया," महाराजांनी निकाल दिला. "गुरुवारी गोळ्या आणा. हिरीत सोडू."

"आत्याबाई, इस्त्रीला हात लागला की व्हतं ना, तसंच झालं वो," शालन म्हणाली.

"गप बस! सायबापरीस तुला जास्त कळतं व्हय?"

माझी बायको पद्मा शाळेत विज्ञान शिकवते. ती मला म्हणाली, "गुरुवारी रजा टाका. गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर पोरगी जिवानिशी जाईल."

आता रजा टाकावी लागणार होती. एरवी गुरुवार आम्हा कारखान्यातल्यांना सुट्टीचाच. विजेची टंचाई, म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची लाइन गुरुवारी बंद असायची. पण त्याच गुरुवारपासून ही सुट्टी सोमवारवर गेली होती.

गुरुवारी खोलीत उदबत्तीचा धूर, घामाचा वास आणि आक्काबाईंच्या मुठीत गोळ्यांची बाटली.

"आक्का, आधी डॉक्टरांना विचारू," पद्मा म्हणाली.

"बाई, डाक्टर झटका देतो व्हय? हितं रोकडा पुरावा हाय."

महाराज आले. हार सावरून खुर्चीत टेकले, दोन्ही हात लोखंडावर ठेवले, पाय घोंगडीवर ऐसपैस पसरले.

"आणा त्या गो... गो... गोगोगोगो!"

"गोविंद म्हणत्यात!" कुणीतरी ओरडलं. अख्खी खोली टाळ्या पिटत "गोविंद! गोविंद!" करू लागली.

महाराजांची दाढी उभी राहिली. अंग ताठलं, तसा पाय घोंगडीवर दाबला. पाय दाबला, तसं अंग आणखी ताठलं.

"आरं, महाराजांलाच बाधा झाली!" मागून आवाज आला. "ह्यांलाच हिरीत सोडा!"

पद्माने वाकून घोंगडी खसकन ओढली. महाराजांचे पाय वर उडाले आणि झटका थांबला. खाली विजेच्या शिलाई मशिनचं पेडल होतं. तिथून वायर खुर्चीखालच्या डब्यातल्या कॉइलला, आणि कॉइलपासून खिडकीबाहेर, थेट शेजारच्या वर्कशॉपच्या लाइनवर टाकलेला आकडा.

"पायाने दाबलं की करंट," पद्मा म्हणाली. "कॉइलमुळे माणूस मरत नाही, नुसता उडतो. आणि ज्याच्या वेळी महाराज पाय उचलतात, तो निर्मळ."

"पण आज गुरुवार हाय!" महाराज कळवळले.

"सुट्टी सोमवारची झाली, महाराज," मी म्हटलं. "वर्कशॉपच्या गेटवर नोटीस लागलीय."

"आरं, मग मला कुनी सांगायचं न्हाई का!"

शालन फिस्सकन हसली, आणि तिच्यामागे सगळेच.

आक्काबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, एक गोळी सुनेच्या हातावर ठेवली. "पानी आना कुनीतरी. हिची दुपारची ऱ्हायलीया." मग महाराजांकडे वळून म्हणाल्या, "आन तुमी करा आता उपास."

तर मंडळी, चमत्काराला आठवड्याची सुट्टी असेल, तर पाया पडण्याआधी घोंगडी उचलून बघा. गोळी घ्यायची की सोडायची, हे ज्याने दिली त्या डॉक्टरला विचारा, खुर्चीला नको. पद्माने त्या खुर्चीच्या पाठीवर कोरलेलं इंग्रजी वाचलं. ती खुर्ची इस्पितळातल्या न्हाव्याची होती.