डॉक्टरांची डुबकी

मी बाथटब बोलतोय. हसू नका, घरात माझी पुरेशी टिंगल झाली आहे.

माझा मालक दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावून वैतागलेला. एका हॉटेलात त्यानं माझा भाऊबंद पाहिला आणि हट्टानं मला घरी आणलं. जिना चढवताना हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दारात मालकाच्या आईसाहेब उभ्या.

"यात आंघोळ करायची की म्हैस डुंबवायची?"

"आई, थकवा जातो यानं."

"थकवा जाईल रे, पण पाणी कुठून येईल?"

पाणी खरंच आलं नाही. तलाव आटला आणि नळाला आठवड्यातून एकदाच धार येऊ लागली. घरात पातेली झाली, कुकर झाला, फुलदाणीसुद्धा भरून झाली, तेव्हा कुठे आईसाहेबांची नजर माझ्याकडे वळली. मला घासूनपुसून काठोकाठ भरलं, वर चादर टाकली. पांढरा हत्ती एका दिवसात कुबेर झाला!

खालच्या मजल्यावर शिंपी राहायचा. त्याच्या सुनेला नुकतंच बाळ झालेलं, आणि साठवायला घरात धड पिंपही नाही. आईसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "बाळाच्या लंगोटांना पाणी कमी पडू द्यायचं नाही. संध्याकाळी येऊन घेऊन जा."

त्याच दुपारी डॉक्टर घामाघूम होऊन घरी आला. सगळे पेंगत होते. त्यानं हळूच चादर उचलली. "पाचच मिनिटं," मला म्हणाला, आणि सुटलेल्या पोटासकट उतरला. अर्धं पाणी काठावरून पसार झालं. उरलेल्यात त्यानं सुवासिक साबणाचा फेस केला आणि चक्क घोरायला लागला.

संध्याकाळी आईसाहेबांनी दार ढकललं. मागे बादल्या घेतलेला शिंपी. फेसातून डॉक्टरचं डोकं वर आलं.

"पाणी तसं स्वच्छच आहे," तो पुटपुटला.

शिंपी रिकाम्या बादल्या घेऊन जिना उतरून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

आईसाहेब एवढंच म्हणाल्या, "ऊठ."

कोपऱ्यावर टँकर आला होता. कानात फेस तसाच घेऊन डॉक्टर रांगेत उभा राहिला. रांगेत निम्मे त्याचेच पेशंट.

"काय डॉक्टर, आज तुमचीच दातखीळ बसली?"

भरलेल्या बादल्या त्यानं शिंप्याच्या दारात ठेवल्या. माफीचे शब्द जुळवत होता, तोच शिंप्याची सून बाहेर आली. "काका, धरा जरा याला. तेवढ्यात लंगोट धुऊन घेते." बाळानं डॉक्टरकडे टक लावून पाहिलं आणि त्याला पार चिंब केलं. साऱ्या गावात तेवढीच एक जागा होती, जिथं टंचाई नव्हती. शिंपी आधी गालात हसला, मग पोट धरून.

घराबाहेरचं हे सगळं मी डॉक्टरच्याच तोंडून ऐकलं. आता कपडे धुतलेलं पाणी माझ्यात साठवतात. फरशी, संडास, सगळं त्यावर निभतं. कुबेरपद गेलं, पण कामाला आलो.

एकच विनंती आहे. झोपण्याआधी नळ घट्ट बंद करत जा. ती टपटप सुरू झाली की माझा डोळा लागत नाही, आणि एवढा देह घेऊन मी कूस तरी कशी बदलू?