टेबलाचे लोखंडी पाय

भोसरीतल्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये वर्षाली कामाला होती, तिथं किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं दुरुस्तीला येत. यंत्राच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बंद केलेला क्रिस्टल असतो. गॅमा किरण त्यात शिरले की आत डोळ्यांना न दिसणारी चमक उठते आणि यंत्र ती मोजतं. डबीत ओल शिरली की क्रिस्टल पिवळा पडतो, मग यंत्र आंधळंच.

एक दिवस चाकणच्या अण्णासाहेबांच्या फाउंड्रीतून भंगाराच्या गेटवरचं यंत्र आलं. चिठ्ठीवरचं नाव तिनं दोनदा वाचलं.

तिचा धाकटा भाऊ भीमराज तिथंच भंगार निवडायचा. गाड्या अडतात म्हणून अण्णासाहेबांनी गेटवरच्या यंत्राचा भोंगा बंद ठेवला होता. दीड वर्षापूर्वी भंगारात आलेली बोटाएवढी चकचकीत कांडी भीमराजनं दिवसभर खिशात बाळगली. मांडी सडत गेली आणि शेवटी पाय कापावा लागला. डॉक्टरांनी किरणांचं नाव काढलं, तशी अण्णासाहेबांनी कांडी गुपचूप भट्टीत टाकायला लावली आणि पोरगं घरी गॅसवर भाजलं असं लिहून दिलं. भट्टीवरच्या मारुतरावांनी हे वर्षालीला सांगितलं होतं, पण साक्षीला यायची त्यांची छाती झाली नाही.

आता कुठल्याशा गिऱ्हाइकानं तपासणीचा दाखला मागितला, म्हणून यंत्राची आठवण झाली होती. त्यातला पिवळा पडलेला क्रिस्टल तसाच ठेवून द्यावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या गेटवर अण्णासाहेब उभे राहत नव्हते, भीमराजसारखी माणसं राहत होती. तिनं नवा क्रिस्टल बसवला आणि यंत्र घेऊन चाकणला गेली.

गेटवरचं काम संपवून ती सहीसाठी केबिनमध्ये शिरली, तेव्हा हातातलं किरण मोजायचं छोटं मीटर चालूच होतं. टेबलाजवळ जाताच आकडा नेहमीच्या कित्येक पट चढला. टेबलाला बिडाचे नक्षीदार पाय होते. ते आपल्याच भट्टीत ओतलेत, दीड वर्ष झालं, असं अण्णासाहेबांनी कौतुकानं सांगितलं. त्यांचे गुडघे त्या पायांना टेकलेले होते. वर्षालीनं मीटर बंद केलं, सही घेतली आणि निघून आली.

चार दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. तो माणूस रोज दहा तास तिथं बसतो, या विचारानं तिला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

पाचव्या दिवशी ती दाखला द्यायला गेली. झाडलोट करणाऱ्या अंबुबाई टेबलाखाली बसून, एका पायाला पाठ टेकवून दुसरा पाय पुसत होत्या. वर्षाली धावत टेबलापाशी गेली. तिनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा आत जायचं नाही असं बजावलं. मग सरकारी तपासणी विभागाला फोन करून आकडे सांगितले, भीमराजचं नावही सांगितलं.

त्यानंतर केबिनमध्ये जाऊन तिनं मीटर टेबलावर ठेवलं. ते कडकडू लागलं.

"बंद कर ते," अण्णासाहेब म्हणाले.

तिनं केलं नाही. भट्टीत टाकलेली कांडी वितळून या टेबलाच्या पायांत कशी उतरली, ते तिनं शांतपणे सांगितलं. अण्णासाहेब खुर्चीसकट मागं सरकले. त्यांचे हात मांड्यांवरून फिरत राहिले.

"मला काय व्हईल, पोरी?"

"माझ्या भावानंही हेच विचारलं होतं. तुम्ही त्याला गेटबाहेर काढलंत."

संध्याकाळी तपासणीची माणसं आली. फाउंड्रीला सील लागलं, टेबल शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून नेलं, गुन्हा नोंदवला गेला. सगळीकडे बभ्रा झाल्यावर मारुतरावही जबाब द्यायला तयार झाले. भीमराजनं ताईकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं. अण्णासाहेबांचा चेहरा कसा झाला होता, हे त्यानं मुद्दाम विचारलं. तिनं काही न लपवता सांगितलं, आणि सांगताना तिला बरं वाटलं.

मात्र आपण गप्प बसलो त्या चार दिवसांत अंबुबाई रोज ते टेबल पुसत होत्या, हे तिनं त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती अंबुबाईंना रक्त तपासायला दवाखान्यात घेऊन गेली.